बांधावरचा आकडा

५ फेब्रुवारी १९७९, सोमवार. सांगली

एकतीस! मोजून एकतीस प्रती निघाल्या. मला वाटलं होतं सात-आठ असतील. आठल्ये सर म्हणाले, "आकाराम, हे तुम्हीच निस्तरा. तुम्ही फौजेतले, तुम्हाला शिस्त आहे." शिस्त आहे म्हणून सगळ्यांची उष्टी मीच काढायची!

इथं एकदा मांडून ठेवतो, म्हणजे डोकं ताळ्यावर राहील. आमच्या यंत्राच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम अखंड चालू असतो. हुकूम त्याचा. सर त्याला 'कर्नल' म्हणतात. पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो होतो. सिग्नल्समध्ये सात वर्षं काढली, हवालदार होऊन बाहेर पडलो, सांगलीला या संस्थेत प्रोग्रामर झालो — तर इथंही डोक्यावर कर्नलच! बाकीचे प्रोग्राम म्हणजे जवान. एक पत्ते छापतो, एक लायब्ररीच्या याद्या करतो, एक टायपिंगची परीक्षा घेतो. हा शेवटचा माझा, मी लिहिलेला. कर्नलनं आणि जवानांनी एकाच मापानं मोजावं म्हणून एक छोटी फाइल असते — हेडर. नाव किती अक्षरांचं, ओळ किती लांब, एका सेकंदाचे ठोके किती, असल्या गोष्टी तिच्यात लिहिलेल्या. दोघांनी तीच वाचायची, बस्स. पण आमच्याकडे जो तो तिची नक्कल आपल्या घरी घेऊन गेला आणि तिच्यात आपल्या सोयीनं खाडाखोड करून बसला.

गावाकडं दोन शेतांच्या मधे बांध असतो, तसं हे. बांध दोघांचा. पण दर नांगरटीला हा चार बोटं कोरतो, तो चार बोटं कोरतो, आणि मोजणीवाला आला की भांडणं. इथला मोजणीवाला मी. मुदत दहा मार्च. त्याच दिवशी टायपिंगची परीक्षा आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. "कर्नलचं खासगी ते आत. प्रोग्रामचं खासगी ते बाहेर. आणि दोघांना लागेल तेवढंच मधे — एका जागी, एकच प्रत. आतलं आत, आकाराम, आणि दोघांचं ते बांधावर." बांध हा शब्द माझा! कालच त्यांना बोललो होतो. त्यांनी तो असा उचलला की जणू यंत्राबरोबर अमेरिकेतून आणलाय.

यंत्र मात्र खरंच त्यांनी तिथून आणलं. तिथल्या कुठल्या विद्यापीठानं काढून टाकलेलं. मागच्या शेडमध्ये त्याचा ढोल आहे — व्होल्टेज सांभाळणारं ते धूड दिवसभर घूं घूं करत फिरतं. ढोल आणि यंत्र दोन्ही दिलावर मुल्ला बघतो. मिरजेचा, वडील सतारी बनवतात, पण याचा कान फक्त ढोलाला. रोज सकाळी यंत्रातलं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघतो आणि मला ऐकवतो, "आकारामराव, एक सेकंद हिकडंतिकडं न्हाई."

पहिल्या पाच प्रती वाचल्या. एकानं नावाची लांबी चौदाची वीस केलीय. का, तर वरच्या मंडळींच्या नावात 'भाऊसो', 'आप्पासो' छापलेलं चालत नाही, पुरतं 'साहेब' लागतं! सहा अक्षरांच्या मानासाठी रेषा मोडली, आणि पत्ते छापताना गावाची नावं अर्धी कापली जातायत. तासगावचं नुसतं 'तास' झालंय.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

साताऱ्याहून बायकोचं, शालनचं पत्र. परीक्षेचा फॉर्म भरून पाठवलाय. तिसऱ्यांदा. पास होणाऱ्यांतल्या वेगवान असतील त्यांनाच संस्था टायपिस्ट म्हणून घेते, आणि तीनदा नापास झालं की पुन्हा बसता येत नाही, हा संस्थेचा नियम.

लिहिते, 'इथे मशीन नाही म्हणून पोळपाटावर बोटं वाजवते. सासूबाई म्हणतात पोरीला वारं लागलं. माझा वेग चाळीसच्या खाली नाही हो. एकदा तुमच्या घड्याळाला विचारा.'

घड्याळाला काय विचारायचं? यंत्र आहे ते. त्याला बायको-बिको नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

एस.टी.त बसून लिहितोय, अक्षर हलणार. कराड स्टँडवर गाडी अर्धा तास उभी आहे. आजूबाजूला उसाचे ट्रक.

सकाळी साताऱ्याला पोचलो तेव्हा शालन आईला कुशीवर वळवत होती. आई अंथरुणाला खिळून तीन वर्षं झाली. नानासो — माझा थोरला भाऊ — आणि वहिनी दोघंही सकाळीच शाळेवर जातात, मास्तर आहेत. मग दिवसभर आईचं सगळं शालनवर. लग्नाला चार वर्षं झाली, त्यांतले आम्ही एका छपराखाली किती दिवस राहिलो ते बोटांवर मोजता येईल. नानासो सरळ बोलतो, "नोकरी लागली तर ने, मी आडवा येणार न्हाई. नुसती चूल मांडाय नेऊ नको. आईचं कोण बघंल?" दुष्ट नाही तो. पण दार एकच ठेवलंय त्यानं, आणि त्याला कुलूप चाळीस शब्दांचं.

दुपारी आई झोपल्यावर शालनला घेऊन तिच्या जुन्या टायपिंग क्लासला गेलो. मालकांनी एक मशीन दिलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळावर वेळ धरली. एक्केचाळीस! बाहेर आल्यावर तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ओळखीच्या खुर्चीत सगळ्यांचाच हात चालतो. आमच्या टर्मिनलवर पहिल्यांदा चौतीस पडले, दुसऱ्यांदा पस्तीस. घाबरतेस तू.

"म्या न्हाई घाबरत," ती म्हणाली. "आवं, मागल्या खेपंला भितीवरच्या घड्याळात धा मिन्टंबी झाली नव्हती. म्या बघितलं हुतं."

उतारा चारशे शब्दांचा असतो, दहा मिनिटांत झाला की पास. मी तिला तेव्हा जे बोललो होतो तेच आज पुन्हा बोललो — परीक्षेत घड्याळ बघत बसतेस, म्हणूनच मागं पडतेस. निघताना तिच्या उशाखाली पेपरची घडी दिसली. काय गं म्हटलं, तर म्हणाली, "काय न्हाई. भाजीचा कागुद."

गाडी सुटली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

नऊ प्रती गेल्या. बावीस उरल्या.

१९ फेब्रुवारी, सोमवार

मशीनरूमला खिडकी नाही. काचेचं दार, त्याच्या आत पुन्हा एक दार. गारवा राखायला म्हणे. सकाळी आत शिरलो की बाहेर ऊन आहे का मळभ, काही कळत नाही. पाच वर्षांचा बाँड लिहून दिलाय, त्यातली दोन सरली. फौजेत निदान बदली व्हायची.

आज सगळा दिवस एका ओळीवर भांडण. लायब्ररीवाला म्हणतो, कर्नलची आतली यादी त्याच्या प्रोग्रामला थेट बघायला मिळाली पाहिजे, सवय झालीय. म्हटलं, शेजाऱ्याच्या माजघरात डोकावायची सवय झाली म्हणून तिथं दार पाडायचं का? मागायचं ते ओसरीवर मागा. रागावून गेला. सर मात्र ऐकून हसले. मला हसू येत नाही. दोन वर्षं कर्नल काय, हेडर काय. तिकडं शालन पोळपाटावर बोटं वाजवतेय.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

माझी प्रत सापडली! परीक्षेच्या प्रोग्रामशेजारी ठेवलेली. सगळं सरांच्या मूळ प्रतीप्रमाणे, एक ओळ सोडून. सेकंदाचे ठोके — सरांचे साठ, माझे पन्नास.

आठवलं. सत्याहत्तर सालात मीच बदललं होतं. यंत्राचं घड्याळ विजेच्या ठोक्यांवर मोजतं. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ ठोक्यांची, म्हणून तिथल्यांनी साठ लिहिलं. आपली वीज पन्नासची. सिग्नल्समधला कच्चा रिक्रूटसुद्धा झोपेत सांगेल. सर परदेशात राहून विसरले. पण कर्नलच्या कागदावर हवालदारानं खोडरबर चालवायचा नसतो. म्हणून मूळ प्रतीला हात लावला नाही, आपल्या नकलेत तेवढं बरोबर करून घेतलं. कोणाला बोललोही नाही.

म्हणजे एकतीस प्रतींत एकच बरोबर, आणि ती माझी! उद्या सरांना सांगणार — सर, कर्नल चुकलाय. हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून सात वर्षं झुरलो होतो.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांकडं जायच्या आधी खात्री असावी म्हणून शेडमध्ये गेलो. दिलावर ढोलाला तेल घालत होता. विचारलं, आपली वीज पन्नासचीच ना?

"व्हय की. पन्नास. पर ती ढोलाच्या अलीकडं."

"अलीकडं म्हणजे?"

"आवं, यंत्र अमेरिकेचं. त्येला साठ लागत्यात. म्हून तर ह्यो ढोल. हिकडनं पन्नास घालायचं, तिकडनं साठ काढायचं. तुमाला काय वाटलं हुतं, व्होल्टेजसाटनं फिरतूय?" आणि हसायला लागला. "साठ नसतं तर यंत्राचं घड्याळ रोज चार तास मागं पडलं असतं की! म्या रोज ताडून बघतूय ते काय उगंच?"

तिथंच तेलाच्या डब्यावर बसलो.

साठ ठोके होतात, माझा प्रोग्राम पन्नासाला एक सेकंद धरतो. दहा मिनिटं झाली की तो बारा म्हणतो. प्रत्येकीच्या प्रत्येक दहा मिनिटांना दोन मिनिटं मी वर चढवली. दोन वर्षं.

शालनचे चौतीस म्हणजे एक्केचाळीस. पस्तीस म्हणजे बेचाळीस. ती पहिल्याच खेपेला पास होती.

भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं पण झाली नव्हती.

२४ फेब्रुवारी, शनिवार

रजिस्टर काढलं. चार परीक्षा, अठ्ठावन्न जणी, पास फक्त सात. सर कौतुकानं सांगायचे, आमची परीक्षा कडक असते. प्रत्येकीचा आकडा नव्यानं काढला. आणखी सतरा जणी पास होत्या! सतरांतली एक शालन. तिघींचे तिन्ही प्रयत्न संपलेत. त्या तिघींतलं एक नाव वाचून रजिस्टर मिटलं. मुल्ला जरिना मोहिद्दीन, मिरज. छत्तीस, सदतीस, अडतीस.

दिलावरची धाकटी बहीण. चार, तीन, दोन अशा आकड्यांनी हुकत गेली. म्हणजे हुकत नव्हतीच. आता घरी बसून सतारींच्या गवसण्या शिवते, एवढं मला माहीत आहे. दिलावर तिच्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

मी जेवलो नाही. जेवावंसं वाटलं नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

नीट विचार केला. लिहूनच काढतो.

बांधावर एकच प्रत राहणार, सरांची, साठवाली. माझी नक्कल पुसली जाईल. मग माझा प्रोग्राम आपोआप बरोबर मोजायला लागेल. मी तोंड उघडायचीसुद्धा गरज नाही. दहा तारखेला शालन बसेल, बेचाळीस पडतील, यंदा जागा दोन आहेत, बसणाऱ्या नवख्या नऊ-दहा जणी. दार उघडलं! आई, नानासो, सगळे खूश. कोणाला कधी कळणार नाही.

आणि सांगितलं तर? सतरा जणींचा हक्क आधीचा. शालनपेक्षा वेगवान त्यांत किमान आठ आहेत, जरिना तर पंचेचाळीसच्या वर. जागा दोनच. शालन राहिली साताऱ्यात — आणि या वेळी ती मी ठेवलेली असणार.

शी! हे असलं माप माझ्याच्यानं लागत नाही. गप्प बसलो तर बायको सुटते, बोललो तर अडकते. चूक कोणाची? माझी. भोगायचं कोणी? गप्प बसलो तर बाकीच्या सोळा जणींनी, बोललो तर तिनं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

चार प्रती उरल्या. माझी अजून पुसलेली नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

दिलावरला सांगितलं. ठरवून नाही. तो सकाळी घड्याळ ताडून "एक सेकंद हिकडंतिकडं न्हाई" म्हणाला आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. जरिनाचे खरे आकडे सुद्धा.

त्यानं ओरडावं असं मला वाटत होतं. तो फडक्यानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे म्या रोज साठ करून देतूय, आन् तुमी रोज पन्नास मोजताय."

मी मान हलवली.

"म्या तिला काय म्हनलं हुतं ठावं हाय? तुजा हातच जड हाय, म्हनलं. तिनं माज्याफुडं पुन्यांदा टायपिंगचं नाव काढलं न्हाई." आणि शेडमध्ये निघून गेला. दुपारचा चहा त्यानं एकट्यानं घेतला.

यंत्रावर विश्वास ठेवणारे आम्ही दोघंच काय ते शहाणे.

२ मार्च, शुक्रवार

सरांकडे गेलो. उभं राहूनच सांगितलं, कबुली द्यायची तशी. सर बराच वेळ चष्मा पुसत होते. त्यांचं बोलणं जसं आठवतं तसं लिहितो — "आकाराम, दोन गोष्टी आहेत. हेडरचं काम तुम्ही उत्तम केलंत. जुने निकाल हा दुसरा विषय. संस्थेची परीक्षा चुकीची होती असं बाहेर गेलं तर आपल्याला काम कोण देईल? तुमची नक्कल पुसा. पुढचं सगळं बरोबर होईल. आतलं आत राहू द्या."

आतलं आत! त्यांचंच फळ्यापुढचं वाक्य. मी म्हटलं, "सर, आकडा आतला नाही. दोघांचा आहे. दोघांचं ते बांधावर, असं तुम्हीच म्हणालात."

"ते फाइलींबद्दल होतं."

"मीसुद्धा फाइलींबद्दलच बोलतोय, सर. रजिस्टरात सतरा पत्ते आहेत."

ते म्हणाले, तुम्ही जा आता. गेलो.

३ मार्च, शनिवार

सतरा पत्रं टाइप केली. संस्थेच्या छापील कागदावर, इंग्रजीत, खाली माझी सही आणि हुद्दा. 'आपल्या परीक्षेत वेळ मोजण्यात आमच्याकडून चूक झाली. चूक खाली सही करणाऱ्याची. आपला खरा वेग इतका इतका. दहा तारखेला पुन्हा बसावे.' बसू देतील का, मला माहीत नाही. माझा स्वतःचा वेग वीस! सकाळपासून चारपर्यंत लागले. दिलावर शेजारी येऊन बसला आणि पाकिटं चिकटवत गेला. जरिनाचं पाकीट त्यानं खिशात घातलं.

शेवटचं पत्र शालनचं. सौ. शालन आकाराम यादव, सातारा. आपला खरा वेग बेचाळीस. बायकोला 'आपला' लिहिताना हात अडला. सही केली. मग खाली पेननं एक ओळ लिहिली — तू बरोबर होतीस. आणखी पुष्कळ लिहायचं होतं. सुचलं नाही.

पोस्टात टाकून आलो. आता होईल ते होईल.

५ मार्च, सोमवार

सरांना कळलं. मला वाटलं होतं, घालवतील. त्याहून वाईट. "पाठवलीतच, तर येतील त्यांना बसवा," म्हणाले. "पण राजीनामा-बिजीनामा मनात आणू नका. बाँड संपेपर्यंत इथून हलायचं नाही. तुम्ही जे पेरलंत ते तुम्हीच बसून निस्तरा." तीन वर्षं अजून. मी 'हो सर' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

७ मार्च, बुधवार

आज बांध घातला. एक प्रत, एक जागा, खालून वर सगळे प्रोग्राम तिच्यावर नव्यानं बांधून काढले. एकही अडला नाही. तासगाव पुन्हा पुरतं छापलं गेलं. साहेब लोकांचं 'सो' झालं, बसू दे रागावून.

माझी प्रत सगळ्यांत शेवटी पुसली. पुसण्याआधी ती ओळ एकदा वाचली. पन्नास. किती खात्रीनं लिहिलं होतं!

शालनचं उत्तर नाही.

१० मार्च, शनिवार

परीक्षा. सतरांपैकी अकरा आल्या. दोघी पोरं कडेवर घेऊन. एक बाई जयसिंगपूरहून आली, तिनं दारातच मला विचारलं, "सही तुमचीच का?" हो म्हटलं. ती म्हणाली, "बरं," आणि आत गेली. त्या 'बरं'चा अर्थ मी दिवसभर लावतोय.

जरिना आली. दिलावर दाराबाहेर उभा, आत यायला तयार नाही. तिला एक्केचाळीस पडले! सहा महिने कळेला बोट न लावता! तिला मी आकडा वाचून दाखवला तेव्हा तिनं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या जुन्या पंचेचाळिसाचं सरांपुढं मांडलं. ते नाही म्हणाले नाहीत. दोन जागांतली एक तिची होणार.

शालनची खुर्ची रिकामी. साताऱ्याची पहिली गाडी आली, दुसरी आली. मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. नानासोनं अडवलं असणार. नाहीतर आईचं काही असेल. का माझ्यावरचा राग? तिसरं कारण खरं असलं तर बोलायला मला तोंड नाही.

तिचा तिसरा प्रयत्न कागदावर 'गैरहजर' असा लिहावा लागला. मीच लिहिला.

१२ मार्च, सोमवार

नानासोची तार. 'शालन शुक्रवारी सकाळी निघाली. पोचली का. कळव.'

शुक्रवारी! आज सोमवार. सरांकडं दोन दिवसांची सुट्टी मागितली, ते बाँडचं काहीतरी बोलायला लागले, मी ऐकलं नाही. दिलावर सायकल घेऊन मिरज स्टेशनवर विचारून आला. सांगली स्टँडवर मी गेलो. कोणी बघितली नाही. उद्या पहिल्या गाडीनं साताऱ्याला जातो.

१३ मार्च, मंगळवार. सातारा

आईजवळ बसलोय. वहिनीनं शाळेत रजा टाकलीय. नानासो पोलिसात जाऊ म्हणतोय. आई एवढंच म्हणते, "कशाला हुडकताय? पोर गेली ती सांगून गेलीया मला." कुठं गेली विचारलं तर भिंतीकडं तोंड करते.

१५ मार्च, गुरुवार. सांगली

कार्ड आलं. पुण्याचा शिक्का. पत्ता टाइप केलेला, एकही चूक नाही. मजकूरही टाइप केलेला. तसाच उतरवतो.

'पुण्यात आत्याकडे सुखरूप आहे. इथे एका कंपनीत टायपिस्टची जागा मिळाली. जाहिरात महिनाभर उशाखाली होती, दाखवायला कागद नव्हता. तुमच्या सहीचा आला. "तू बरोबर होतीस" ही ओळ कात्रीने कापून जवळ ठेवली, उरलेला कागद साहेबांना दाखवला. त्यांनी हातात घड्याळ धरून पुन्हा टाइप करून घेतलं. बेचाळीस. सांगलीच्या दोन जागा त्या बायकांच्या आहेत, त्यात मी कशाला? सासूबाई म्हणाल्या, अंतरुणाला मी खिळलीया, तू कशापायी खिळतीस, जा. भावजींना सांगा, नोकरी लागली की जा असं त्यांचंच म्हणणं होतं. तुमची तीन वर्षं संपली की या. ऑफिस दहा ते पाच, भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे.'